दोनशे लिटर

ते चित्र आधी मिटव. आर्किटेक्चर का काय म्हणतोस, तेच. चौकोन, बाण, ढग आणि पुन्हा चौकोन. लॅपटॉप बंद कर आणि मी विचारते त्याचं सरळ उत्तर दे. पावती निघते का?

नाही निघत. मान खाली घातलीस तेव्हाच कळलं, आणि खरं सांगायचं तर उत्तनच्या बाजारात मला ते आधीच कळलं होतं. मच्छीमार सोसायटीच्या काउंटरवर बसणाऱ्या मावशीने तुझ्या भरवशावर या वर्षी नवी वहीच आणली नव्हती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला. त्या दोन महिन्यांत जाळी तुणून होतात, बोटींना रंग लागतो, इंजिनं उघडून पुन्हा बसवली जातात. तुझा एक फॉर्म झाला नाही. १ ऑगस्टला नाखवे डिझेलसाठी रांगेत उभे राहिले आणि मावशीच्या मोबाइलवर तुझं ते चाक गरागरा फिरत राहिलं. शेवटी तिने शेजारच्या दुकानातून दोनशे पानी वही मागवली, पट्टीने रेघा मारल्या आणि रकाने पाडले. तारीख, बोटीचा नंबर, नाखव्याचं नाव, लिटर, सही. रांग पुढे सरकली.

त्या पाच रकान्यांसाठी सात सर्व्हर मांडायला तुला कुणी सांगितलं होतं?

‘स्केल, टीचर.’ वाटलंच मला. अरे, कसलं स्केल? भाटे बंदर घे, पातान बंदर घे, पाली घे, चौक घे. धारावी बेटाच्या सगळ्या किनाऱ्यावरच्या बोटी एकाच दिवशी डिझेलला आल्या असं समज. हजार पावत्या होतील? दोन हजार धर, तुझ्या समाधानासाठी. एवढ्या नोंदी एसक्यूलाइट हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर एका फायलीत ठेवतं आणि त्याला त्याचं काही वाटतही नाही. रिचर्ड हिप नावाच्या माणसाने ते २००० साली लिहिलं आणि कोणताही हक्क न ठेवता जगाला देऊन टाकलं. तुझ्या खिशातल्या फोनमध्येही ते आहे. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, पासवर्ड लागत नाही. रोज संध्याकाळी ती एक फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायची, झाला तुझा बॅकअप. तू तीन प्रकारचे डेटाबेस घातलेस. त्यांच्यामध्ये निरोप पोचवायला एक रांग, त्या रांगेवर लक्ष ठेवायला आणखी एक डबा, आणि हे सगळे डबे हाकायला कुबरनेटिस. चार माणसांच्या कालवणाला लग्नाचा टोप चढवलास तू.

कुबरनेटिस गूगलने २०१४ साली बाहेर काढलं. रिअॅक्ट फेसबुकने २०१३ साली. दोन्ही चांगली हत्यारं आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण ती ज्यांनी घडवली त्यांच्यापुढे कोट्यवधी माणसं होती, हजारो इंजिनिअर एकाच वेळी एकाच कोडमध्ये हात घालत होते. तुझ्यापुढे एक मावशी आहे आणि इंजिनिअर म्हणशील तर तू एकटा. त्यांचं दुखणं तुला नव्हतं, तरी तू त्यांचं औषध घेतलंस आणि आता म्हणतोस अंगावर आलं.

बरं, आता ती गोष्ट काढू जिच्यामुळे मला खरा राग आला. चाक थांबून फॉर्म उघडला होता ना एकदा? मावशीने लिटरच्या रकान्यात ‘२००’ लिहिलं. तिचा कीबोर्ड मराठी आहे, आकडेही मराठीच उमटतात. तुझ्या फॉर्मने तिला लाल अक्षरात इंग्रजी सुनावलं. तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा लाल. तिला वाटलं तिचंच काही चुकतंय. मागे रांगेतला एक जण हसला म्हणे. तीस वर्षं जिने एका लिटरचा घोळ होऊ दिला नाही, तिला तुझ्या प्रोग्रामने चारचौघांत चुकीची ठरवलं.

का झालं ते तुला माहीत तरी आहे का? जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ला मराठी आकडे कळत नाहीत. ‘२००’ दिलं की ते ‘नॅन’ म्हणून हात वर करतं, म्हणजे हा आकडाच नाही. हेच पायथॉनच्या ‘इंट’ला दे, ते निमूटपणे दोनशे हातात ठेवतं. तपासणी सर्व्हरवर पायथॉनमध्ये केली असतीस तर एका ओळीत प्रश्न मिटला असता. जावास्क्रिप्टमध्येच करायची होती तरी शून्य ते नऊ असे दहा आकडे बदलून घ्यायचे होते, पाच मिनिटांचं काम. पण हे कळायला मावशीच्या शेजारी बसावं लागतं, तिचा अंगठा कुठे जातो ते बघावं लागतं. तुला सवड कुठे होती? तू रात्रभर वायएएमएलच्या फायलींमधली एक स्पेस शोधत होतास.

आणि ती एक स्पेस शोधताना तुला मजा आली का, ते सांग. खरं सांग.

विचारायचं कारण आहे. तुझ्यासारख्या मुलांना वाटतं की काम जेवढं रक्त आटवणारं तेवढं ते मोठं, आणि मजा येत असेल तर ते पोरखेळ. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतोने १९९५ साली रुबी ही भाषा लोकांपुढे ठेवली. कोड लिहिणाऱ्या माणसाला आनंद व्हावा म्हणून आपण ती केली, हे तो तेव्हापासून न लाजता सांगत आला आहे. संगणकाला काय सोयीचं ते नंतर, आधी माणसाला काय सोयीचं ते बघायचं. त्या भाषेवर डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या पोराने रेल्स उभं केलं. पोरच होता, कोपनहेगनला व्यापाराचं शिक्षण घेत होता. शिकागोच्या एका लहानशा कंपनीसाठी त्याने बेसकँप नावाचं कामाच्या याद्या सांभाळणारं अॅप लिहिलं. ते लिहिताना जे पुन्हा पुन्हा लागलं तेवढं वेगळं काढलं आणि २००४ साली सगळ्यांना वाटून टाकलं. नीट ऐक, आधी अॅप झालं आणि त्यातून फ्रेमवर्क निघालं. तू उलट्या टोकाने चाललास. आधी चौकट, मग चौकटीची चौकट, आणि पावतीचा पत्ता नाही.

रेल्समध्ये काय केलंय बघ. वर्गाचं नाव ‘बोट’ ठेवलंस की टेबलाचं नाव ‘बोट्स’ असणार, हे त्याने धरूनच ठेवलंय. पावतीला बोट जोडायची तर रकाना ‘बोट आयडी’. हे कुठे लिहून द्यावं लागत नाही. दहातली नऊ माणसं जे करणार तेच आपोआप होतं आणि दहाव्याला वेगळं करायचं असेल तर त्याने सांगावं. त्यामुळे ज्या शंभर गोष्टी ठरवण्यात तुझे दोन महिने गेले, त्यातल्या नव्वद तुझ्यासमोर येतच नाहीत. उरलेल्या दहा मावशीच्या असतात. पावती रद्द झाली तर काय? एका बोटीचे दोन मालक असले तर सही कुणाची? डोकं तिथे लावायचं असतं. हॅन्सनने रेल्सची तत्त्वं २०१६ साली लिहून काढली तेव्हा प्रोग्रामरचा आनंद पहिल्या क्रमांकावर ठेवला. आनंद म्हणजे टिवल्याबावल्या नव्हेत. सकाळी सुचलेलं दुपारी समोरच्याच्या हातात चालताना दिसणं, हा तो आनंद. तो तुला दोन महिन्यांत एकदाही मिळाला नाही, कारण दोन महिन्यांत समोरच्याच्या हातात काही दिलंच नाहीस.

‘पण ट्विटरला रेल्स सोडावं लागलं ना, टीचर?’ हो, लागलं. २००६ साली ट्विटर रेल्सवर सुरू झालं, लाखो लोक आले, बंद पडायला लागलं, तेव्हा त्यांनी आतले भाग एकेक करून दुसऱ्या भाषेत नेले. लोक आल्यानंतर नेले. आधी चाललं, मग वाढलं, मग अडलं, मग बदललं. तुझं अजून चाललेलंच नाही आणि तू अडण्याची तयारी करून बसलायस. शॉपिफाय आजही रेल्सवर आहे, ते मात्र तू विचारणार नाहीस.

कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात एक वर्तमानपत्र होतं. तिथल्या मुलांना बातमीच्या वेळेत वेबसाइटची पानं उभी करून द्यावी लागत. दुपारी सांगितलं की संध्याकाळी हवं. त्या घाईतून जँगो नावाचं फ्रेमवर्क तयार झालं आणि २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. गावातल्या पेपरची निकड होती ती. तुझ्याकडेही गावातलीच निकड होती, आणि तू तिची वाट लावलीस.

एवढं लांबही जायला नको. भाईंदरला जाऊन गाडीत बस, मुंबईतच उतरशील. ऋषभ मेहता हा माणूस शिक्षणाने इंडस्ट्रियल इंजिनिअर, कोड स्वतः शिकला. घरच्या धंद्याला मालाचा आणि हिशेबाचा मेळ घालणारी सिस्टिम हवी होती आणि बाजारातली पेलेना, तिथून ईआरपीनेक्स्ट सुरू झालं. २००८ साली त्याची कंपनी झाली. ईआरपीनेक्स्टच्या खाली जो पाया आहे तो म्हणजे फ्रापे फ्रेमवर्क. पायथॉन, जावास्क्रिप्ट आणि मारियाडीबी, सगळं उघड्यावर, कुणीही वाचावं. जगभरातले कारखाने, दुकानं, शाळा, दवाखाने त्यावर हिशेब ठेवतात, आणि तू मला सांगतोस की गंभीर कामाला परदेशी कंपन्यांचं जडजंबाल लागतं.

त्यातला डॉकटाइप तू कधी उघडून बघितलास का? नाही ना. मग ऐक. कागदाचा नमुना कसा असतो हे तू त्याला सांगायचं. नाव दे ‘डिझेल स्लिप’. रकाने सांग, तारीख, बोट, लिटर, आणि कोणता सक्तीचा ते सांग. सेव्ह कर. डेटाबेसमध्ये ‘टॅबडिझेल स्लिप’ नावाचं टेबल आपोआप होतं, नावापुढे ‘टॅब’ लावायची त्याची सवय आहे. भरायचा फॉर्म होतो, यादी होते, शोधायची सोय होते, कुणी बघावं आणि कुणी बदलावं याचे हक्क ठरवता येतात, छापायचा नमुना मिळतो, दुसऱ्या प्रोग्रामने विचारलं तर उत्तर द्यायची खिडकीही मिळते. अजून तू कोडची एक ओळ लिहिलेली नाहीस. कारण मेहता आणि त्याच्या माणसांनी हिशेबाच्या कामाकडे बघून ओळखलं की कचेरीतलं बहुतेक काम म्हणजे कागद आहे. कागद भरतात, कागद पक्का करतात, कागद रद्द करतात.

रद्द करण्याचं तर बघच. फ्रापेत प्रत्येक कागदाला एक आकडा चिकटलेला असतो. शून्य म्हणजे कच्चा, एक म्हणजे पक्का, दोन म्हणजे रद्द. कागद पक्का झाला की त्यातला आकडा गुपचूप बदलता येत नाही. चुकला असेल तर रद्द करायचा, दुरुस्त केलेला नवा काढायचा, आणि जुना तिथेच राहतो, कुणीही बघावा. मावशी तीस वर्षं हेच करत आली आहे. चुकलेली पावती ती फाडत नाही, आडवी रेघ मारून वर ‘रद्द’ लिहिते आणि पुस्तकातच ठेवते. कारण डिझेलवरच्या कराचा परतावा याच नोंदींवर मिळतो, आणि नोंद खोडलेली दिसली की नाखव्याचे पैसे अडकतात. तुझ्या अॅपमध्ये मी ‘डिलीट’चं बटण बघितलं. लाल, मोठं, शिवाय कचऱ्याच्या डब्याचं चित्र. कुणाला विचारून घातलंस? एवढ्या सगळ्या सर्व्हरांमध्ये हा एक प्रश्न विचारायला तुला जागा सापडली नाही.

उद्या माझ्याकडे फ्रापेचा टी-शर्ट घालून येशील, तुला ओळखते मी. तेही नको. फ्रापेलाही स्वतःचं वजन आहे. त्याला रेडिस लागतं, मागे काम करणारे वर्कर लागतात, त्याच्या रीती शिकायला वेळ जातो आणि त्याच्या मनाविरुद्ध काही करायला गेलास तर ते भांडतं. रेल्सचंही तसंच, आपोआप होणारं जेव्हा आपोआप बिघडतं तेव्हा कुठे बघायचं तेच नवख्याला कळत नाही. सोपेपणा फुकट मिळत नाही, कुणीतरी त्याची किंमत आधी भरून ठेवलेली असते. कोणी भरली आणि कशासाठी, एवढं कळण्याइतकं तरी वाच. फ्रेड ब्रुक्सने १९८६ सालीच सांगून ठेवलंय की काही गुंता कामातच असतो आणि काही आपण ओढवून घेतो. एका बोटीला दोन मालक, हा कामातला गुंता. तो तुला सोडवावाच लागेल. बाकीचा तुझ्या डिस्कवर आहे.

आणि ते पॅकेजांचं लोढणं. तुझा ‘नोड मॉड्यूल्स’चा फोल्डर उघडून दाखव. त्यातलं काय काय कशासाठी आहे ते सांग बघू. २०१६ च्या मार्चमध्ये एका माणसाने रागावून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं पॅकेज काढून घेतलं. अकरा ओळींचं, शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणारं. त्या अकरा ओळींवाचून जगभरातल्या कंपन्यांचं काम ठप्प झालं. अकरा ओळी स्वतः लिहायला जमत नव्हत्या असं नाही. कुणी लिहायचंच सोडून दिलं होतं.

तुझं पहिलं पान बंदरावर का उघडत नाही, तेही सांगते. मावशीचा फोन जुना आहे आणि जेट्टीकडे रेंज येते-जाते. तू तिला आधी सगळा जावास्क्रिप्टचा गठ्ठा पाठवतोस, मग तो गठ्ठा सर्व्हरकडे डेटा मागतो, मग स्वतः पान रचतो. तोवर रांगेत भांडण लागतं. साधं एचटीएमएल पाठव. वेब त्याच्यावरच उभं आहे, टिम बर्नर्स-ली याने १९९१ साली पहिलं संकेतस्थळ जगापुढे ठेवलं तेव्हापासून. फॉर्म भरायला आणि पाठवायला ब्राउझरला तुझी फारशी मदत लागत नाही. पान पूर्ण न बदलता मधलाच तुकडा बदलायचा असेल तर मोंटानातल्या कार्सन ग्रॉसचं एचटीएमएक्स घे. एक छोटी फाइल आहे, पानाला जोडायची. एवढंच.

आता खरं काय ते बोलते. तू हे मावशीसाठी बांधलंच नाहीस. तू ते मुलाखत घेणाऱ्या माणसासाठी बांधलंस. सीव्हीवर सात नावं यावीत, लिंक्डइनवर ते बाण-चौकोनांचं चित्र टाकावं, खाली चारशे जणांनी टाळ्या वाजवाव्यात. टाळ्या मिळाल्याही असतील. पण सोसायटीने तुला काम दिलं ते तू डोंगरीचा, आपल्यातला, म्हणून. बाहेरच्या कंपनीने महागडं कोटेशन दिलं होतं. नाखवे म्हणाले, आपला पोरगा आहे, शिकलाय, करेल. त्या भरवशावर तू तुझा सराव करून घेतलास. सराव करायला हरकत नाही, स्वतःच्या घरी, स्वतःच्या वेळात, हवा तेवढा कर. दुसऱ्याच्या हातातली वही काढून घेऊन नाही.

आणि मुलाखतीचं म्हणशील तर मीही माणसं घेताना बघितली आहेत. सात नावं सगळ्यांच्याच कागदावर असतात. ‘बंदरावर रोज शंभर पावत्या निघतात, अजून एकही हरवलेली नाही’ असं लिहिणारा शोधावा लागतो.

डोळे पूस. रडायचं काय त्यात? मी तुला कामचुकार म्हटलेलं नाही. कामचुकार असतास तर मी एवढं बोललेच नसते, चहा देऊन वाटेला लावलं असतं. रात्र-रात्र जागलास हे दिसतंय. चुकीच्या जागी जागलास.

आता लिहून घे. उद्या सकाळी सहाला उत्तनला जा आणि मावशीशेजारी स्टूल टाकून बस. लॅपटॉप घरी ठेव. ती काय लिहिते, कधी थांबते, कुणाला हाक मारून विचारते, काय खोडते, ते बघ आणि दुपारपर्यंत तोंड उघडू नकोस. संध्याकाळी एक फॉर्म कर. लॉगिन नको, फोन तिचा एकटीचा आहे. डॅशबोर्ड नको. रंगीत आलेख तर मुळीच नकोत, तिला ते कुणी मागितलेले नाहीत. पाच रकाने, एक ‘पक्का’, एक ‘रद्द’, आणि लिटरच्या जागी मराठी आकडा चालला पाहिजे. परवा ते तिच्या हातात दे. वही बंद करू नकोस, आठवडाभर दोन्ही चालू दे. वही आणि फाइल रोज संध्याकाळी जुळवायची. एक लिटर इकडचं तिकडे झालं तरी मला फोन करायचा, रात्र झाली असली तरी.

आणि १ ऑगस्टपासून वहीत ज्या पावत्या चढल्या आहेत, त्या सगळ्या नव्या फॉर्ममध्ये एकेक करून हाताने भरायच्या आहेत. ते मावशी करणार नाही. तू करणार आहेस.